पिठावरची रेघ

काचपट्टी सातवी : वाटीतलं पांढरं

रुख्माबाई दारात उभी होती. एका हातात नेहमीचा पितळी गडू. दुसऱ्या हातात, पदराखाली, झाकलेली वाटी.

"मास्तरीनबाई, आज शाळा नाई ना तुले?"

"आइतवार हाय, आत्याबाई. बोला."

"आमच्या घरी मेलेल्या मानसानं साक्ष देल्ली म्हनतेत."

पंचफुला हातातली केरसुणी ठेवून उंबऱ्याशी आली.

"कोनाविरुद्ध?"

"विमलच्या."

"साक्ष देल्ली कशी?"

"पिठावर. साप होऊन."

रुख्माबाई उंबऱ्याबाहेरच होती. पहिल्या दमात ती कधीच आत येत नसे. थोडं बोलायची, मागे रस्त्याकडे पाहायची, मग पाय उचलायची.

पंचफुला देवळीच्या मुलींच्या शाळेत सायन्स शिकवायची. मोटारस्टँडमागची एक खोली तिनं भाड्यानं घेतली होती. दोन वर्षांपूर्वी नागपूरला बापासोबत तिनं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आणि नोकरी लागून ती या गावात आली. गावानं तिला नमस्कार केले. चहाला कुणी बोलावलं नाही, आणि तिच्याकडे चहाला कुणी आलं नाही. एकटी रुख्माबाई यायची. चहा तीही घेत नसे. ती यायची ते खिडकीतल्या टेबलावरच्या सूक्ष्मदर्शकासाठी.

"नीट सांगा," पंचफुला म्हणाली. "पहिल्यापासून."

रुख्माबाईनं सांगितलं ते असं.

तिचा भाऊ महादेवराव, बाजारओळीतला किराणा दुकानदार, नुकताच वारला. काल त्याचा दहावा झाला. जिथे त्याचा जीव गेला तिथे संध्याकाळी पीठ पसरलं, दिवा ठेवला, वर टोपली पालथी घातली. ही त्यांच्या घरची रीत. सकाळी टोपली उचलायची आणि पिठावर काय उमटलं ते पाहायचं. पाखराचा पाय उमटला तर माणूस पाखराच्या जन्माला गेला. वासराचं खूर उमटलं तर वासराच्या.

आज सकाळी पिठावर एक रेघ होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत, वळत गेलेली.

"साप म्हंजे काय समजाचं?"

"जीव घरात अडकला. ज्यानं त्याले शेवटचं खाऊ घातलं, त्यानं सालभर त्या जागी दूध ठेवा लागते. मंग सुटते. रीत तेवढीच हाय." रुख्माबाईनं मागे रस्त्याकडे पाहिलं. "पन शोभा म्हनते, अडकला काऊन? मारला म्हनून अडकला. शेवटचं दूध कोनं पाजलं? विमलनं. अन् कोनाड्यात हे वाटी भेटली. बुडाले पांढरं बसलं हाय. शोभा म्हनते, इख हाय."

"अन् मधुकरराव?"

"तो काय, बायको म्हनंन तसं. तेरावं झालं का ठान्यात जाऊन लिहून देतो म्हनते."

मधुकरराव म्हणजे महादेवरावांचा थोरला मुलगा, शोभाबाई त्याची बायको, आणि विमलाबाई धाकट्या मुलाची विधवा. वर्ध्याच्या एका दवाखान्यात तिला नर्सच्या शिक्षणासाठी जागा मिळाली होती. सासऱ्यानंच होकार दिला होता. तेरावं झालं की ती निघणार होती.

"ठान्यात नाव गेलं का संपलंच," रुख्माबाई म्हणाली. "इखाचा आळ असलेल्या बाईले रोग्याच्या उशाशी कोन बसवते? तू पाह्य ना तुह्या नळीत. इख नाई म्हनून सांग."

आता तिनं पाय उचलला आणि ती आत आली.

पंचफुलानं सुईच्या टोकानं वाटीच्या बुडाचा कण काचेवर घेतला. थेंबासाठी माठाकडे वळली. रुख्माबाईनं गडू पुढे केला.

"माह्या घरच्या वस्तूले माह्या घरचं पानी."

पंचफुला हसली. हे दर वेळचं होतं.

भिंगाखाली बारीक मळकट चुरा. दाणे नाहीत, आकार नाही. तिनं काचेच्या कडेला लिंबाच्या रसाचा एक थेंब सोडला. रस आत सरकला, आणि चुऱ्यातून बुडबुडे उठले. एकामागून एक, काळ्या कडांचे, फुगत गेलेले.

"पाहा."

रुख्माबाईनं डोळा लावला. "उकळून राह्यलं! पन चूल त कोठीच नाई."

"चुना हाय हा. पानाले लावतो तो. विमलबाईनं दुधात चुन्याची निवळी टाकली असंन. पोटासाठी देतेत ना?"

"देतेत! वैद्यानंच सांगतलं होतं." रुख्माबाईनं गडू छातीशी धरला. "मंग झालं. चाल, सांग त्याईले."

"झालं नाई, आत्याबाई. पांढरं काय हाय तेवढं हे नळी सांगते. दुधात दुसरं काही विरलं नवतं, हे नाई सांगू शकत. अन् शोभाबाईचा भरवसा वाटीवर कमी अन् रेघेवर जास्त हाय." ती थांबली. "मले ते पीठ पाहाचं हाय."

रुख्माबाई गडूकडे पाहत राहिली.

"पाह्य," ती म्हणाली.

काचपट्टी दुसरी, तिसरी : जुन्या

पट्ट्यांची लाकडी पेटी टेबलाखाली असे. नागपूरच्या कॉलेजातल्या म्हाताऱ्या प्राध्यापकांनी गाव सोडताना सूक्ष्मदर्शक दिला, तशीच ही पेटीही. आतल्या बहुतेक पट्ट्या आता पंचफुलाच्या होत्या. मीठ, मिरची, भोपळ्याच्या फुलाची धूळ. बाजारात कापसाच्या गाड्या येऊ लागल्या की देवळीच्या रस्त्यांवर तंतू उडत. त्यातला एक तिनं धरून ठेवला होता. काचेखाली तो पिळलेल्या फितीसारखा दिसे.

मिठाची पट्टी पाहून रुख्माबाई म्हणाली होती, "सगळी घरंच घरं. चौकोनी, पक्की. अन् मानूस एकबी नाई."

मग तिनं पदराच्या गाठीतून आपलं उपासाचं शिंगाड्याचं पीठ काढलं होतं. भावाच्या घरी तिची चूल वेगळी, फळी वेगळी, डबे वेगळे. त्या फळीला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला तिला चालत नसे. त्याच पिठाची चिमूट तिनं मास्तरीणबाईच्या काचेवर टाकली. सोबत गडूतलं पाणी. ती गडू आणू लागली तो त्या दिवसापासून.

शिंगाड्याचे दाणे मोठे निघाले. लांबट, गुळगुळीत. मधूनच एखाद्याला बारीकसं शिंग फुटलेलं.

"हे सगळ्या पिठाईत असंच दिसते?"

"नाई. गव्हाचं येगळं, तांदळाचं येगळं. डोळ्याले सगळे पांढरे दिसतेत. इथं कोनतंच पीठ दुसऱ्यासारखं दिसत नाई."

रुख्माबाईनं मान हलवली होती. पीठ झटकून टाकू दिलं नव्हतं. "राहू दे पेटीत. माही आठवन."

पट्टी नाही. फक्त प्रश्न.

महादेवरावांच्या घराच्या अंगणात पंचफुलाला पाट मिळाला. आत बोलावणं मिळालं नाही.

"आता ह्या घरात हेच राह्यलं होतं," ओसरीवरून शोभाबाई म्हणाली. कुणाला उद्देशून, ते तिनं सांगितलं नाही.

मधुकररावांनी खाली पाहिलं. "बाई, तसं नाई... पन सुतकाचं घर हाय..."

"खिडकी हाय ना त्या खोलीले?" पंचफुलानं विचारलं. "मी बाहेरूनच पाहातो."

खिडकीला लोखंडी गज होते. आत जमिनीवर विझलेला दिवा. त्याच्याभोवती सारवलेल्या जमिनीवर पिठाचा पातळ थर, कडेला शिंतोडे उडालेले. थराच्या मधोमध ती रेघ. रेघेच्या दोन्ही बाजूंना थर जाडसर, बाकी ठिकाणी पातळ.

आणि पिठावर टोपलीच्या काठाची गोल खूण होती. एक नव्हे. दोन, एकमेकींवरून जराशा सरकलेल्या, चंद्रकोरीएवढी फट सोडून.

पंचफुलानं गज धरले.

"मधुकरराव, सकाळी टोपली कितीदा उचलली?"

"एकदाच. उचलली अन् बाजूले ठेवली. त्यावर पुन्हा कोनी काही ठेवलं नाई. मी होतो ना."

"मंग एक काम करा. पोस्टकार्डाचा तुकडा घ्या. एक चिमूट कडेची. एक चिमूट रेघेतली. येगळ्या पुड्या बांधा. तुमच्याच हातानं, म्हंजे कोनी मले बोलनार नाई. तिसरी पुडी स्वैपाकघरातल्या डब्यातली द्या."

त्यांनी वाकून चिमटी घेतल्या. बापाच्या जागेला आधी नमस्कार केला होता.

मग तिनं विचारलं ते, आणि मिळालं ते.

*शोभाबाई. सूप पाखडत. सूप न थांबवता.*

— पीठ कोनतं टाकलं?

— जवारीचं. मीच दळलं, मीच चाळलं, चौघांदेखत पसरलं.

— शिल्लक हाय?

— डबा भरून हाय, झाकन उघडंच राह्यते. काऊन, भाकर पाह्यजे?

— काल एकादशी होती. तुमचा उपास?

— मले पित्त होते. आमच्या घरी उपास आत्याबाई करतेत. सगळ्याईच्या वाटचे.

— रातच्याले उठल्या?

— मी कायले उठू? मी त झोपली का मेली.

— विमलबाई गेल्यावर तिच्या दोन खोल्या कोनाकडे जानार?

सूप थांबलं.

— मास्तरीन हायस का फौजदारीन?

*मधुकरराव. ओसरीच्या पायरीवर.*

— खोलीले कुलूप होतं?

— मेलेल्याच्या खोलीले कोनी कुलूप लावत नाई. बाहेरून नुसती कडी घातली.

— रस्त्याचा दरवाजा?

— आतून अडसर. सकाळी मीच काढला. नोकर दुकानात झोपते, तो बाहेरच.

— म्हंजे रातच्याले घरात चौघंच.

— चौघंच. पन तुमी हे असं... पिठाले मानूस हात लावन काय, बाई? त्याले लय पाप लागते.

— डॉक्टरनं काय सांगतलं होतं?

— हृदय थकलं म्हने. पायावर सूज होतीच.

— अन् तरी तुमी ठान्यात जानार?

— शोभा म्हनते... रेघ त सगळ्याईनं पाह्यली ना.

*विमलाबाई. गोठ्याजवळ. आवाज खाली.*

— वाटीत काय होतं?

— चुन्याची निवळी. वैद्यबुवानं सांगतलं होतं. मामाजीले बरं वाटायचं त्यानं.

— काल तुमी उपास केला?

— नाई. भाकर खाल्ली. आत्याबाई रागावल्या. मी म्हटलं, नर्स व्हायचं हाय, आतापासून पोटभर जेवू द्या. तर हसल्या. मंग तिकडे तोंड करून बसल्या.

— कोनावर संशय?

— कोनावर नाई. मलेच वाटते आता, मीच झोपीत उठली असंन. सगळे एकच गोष्ट म्हनू लागले का आपल्यालेबी तेच खरं वाटते.

— तुमच्या बाजूचं कोनी नाई घरात?

— आत्याबाई हायेत. त्या एकट्याच. माहे मालक गेले तवापासून आमी एकाच खोलीत झोपतो. पन कालच्या रातच्याले त्या देवघरात निजल्या. म्हने, एकादशीचं नामस्मरन करतो.

*रुख्माबाई. तुळशीजवळ उभी. गडू हातात.*

तिला पंचफुलानं काही विचारलं नाही. बोलावणाऱ्याला कोण विचारतं?

रिकामी पट्टी

घरी येऊन तिनं आरसा उन्हाकडे वळवला. मार्गशीर्षाचं ऊन, लवकर खाली उतरणारं. नळीला उजेड लागतो, आणि उजेड खिडकी देते तेवढाच.

आधी ती नेहमी एक रिकामी पट्टी लावून पाही. काच स्वच्छ आहे ना, ते पाहायला. रिकाम्या पट्टीत पांढरं वर्तुळ दिसतं. त्यात काहीच नसतं. डोळा जास्त जवळ नेला की वर्तुळाच्या कडेला काळे केस येतात, वाकडे, हलणारे. नवशिक्याला वाटतं, किडा सापडला.

ती आपलीच पापणी असते.

ते तिच्या वर्गातल्या मुलींना ती हसून सांगायची. खोलीत एकटी असताना तिला त्याचं हसू येत नसे.

कड. डबा. रेघ.

कड : टोकदार, कोपरे असलेले दाणे, एकमेकांना दाबून बसलेले. फोडलेल्या खडीसारखे. ज्वारी.

डबा : तेच. ज्वारी.

रेघ :

ज्वारी. ज्वारी. ज्वारी.

आणि ज्वारीच्या मध्ये, ज्वारीच्या वर, दुसरं काहीतरी. मोठे दाणे. लांबट, गुळगुळीत. तिनं काच सरकवली. पुन्हा तेच. पुन्हा. एकाला बारीकसं शिंग होतं.

तिनं डोळा काढला. चोळला. पुन्हा लावला.

मग टेबलाखालची पेटी ओढली, त्यातली एक जुनी पट्टी काढली, रेघेच्या पट्टीशेजारी ठेवली. आधी ही पाहिली, मग ती. मग पुन्हा ही.

बाहेर पुलगावची मोटार आली, उतारू उतरले, मोटार गेली. ती उठली नाही.

आता काय काय करता येईल, ते तिनं मोजलं.

"टोपली कुणीतरी उचलली" एवढंच सांगता येईल. पण घरात माणसं चार. शोभाबाई त्याच क्षणी म्हणेल, विमलनंच उचलली. आळ एका पायावरून दुसऱ्या पायावर जाईल, जागेवरून हलणार नाही.

गप्प बसता येईल. विमलाबाई ठाण्यात जाईल.

नाव सांगता येईल. मग या दारात पुन्हा कुणी येणार नाही.

तिनं सूक्ष्मदर्शक त्याच्या लाकडी खोक्यात ठेवला. पट्ट्या रुमालात बांधल्या. ऊन अजून होतं. पण फार वेळ राहणार नव्हतं.

नळी अंगणात

अंगणाच्या मधोमध, तुळशीपासून हातभर दूर, तिनं पाटावर नळी उभी केली. चौघं भोवती उभी राहिली.

"मी त त्या नळीले डोळा लावनार नाई," शोभाबाई म्हणाली.

"नका लावू. मधुकरराव लावतीन. तुमच्या घरचे डोळे हायेत ते."

मधुकरराव गुडघ्यावर बसले. एक डोळा मिटता मिटता दोन्ही मिटले. शेवटी तळहातानं एक झाकला.

"हे काय... काळं काळं हलून राह्यलं."

"ते तुमची पापनी हाय. जरा मागे या."

विमलाबाईला हसू आलं. तिनं ते पदरात दाबलं. त्या घरात पुष्कळ दिवसांत कुणी हसलं नव्हतं.

"आता?"

"आता गोटे दिसतेत. कोपरे कोपरे असलेले."

"ते डब्यातली जवारी. आता हे." तिनं पट्टी बदलली. "हे पिठाच्या कडेचं."

"तेच."

"आता हे. तुमच्याच हातानं तुमी रेघेतून काढलेलं."

मधुकरराव बराच वेळ पाहत राहिले.

"ह्याच्यात... दोन हायेत. एक ते गोटे. अन् एक लांबट, गुळगुळीत."

"दोन पिठं हायेत," पंचफुला म्हणाली. "आता ऐका. शोभाबाईनं पसरलं ते एकच पीठ होतं, जवारीचं. सकाळी रेघेत दोन निघाले. म्हंजे मधल्या रातच्याले कोनीतरी दुसरं पीठ टाकलं. टोपलीच्या खुना दोन हायेत, तुमी सवताच म्हटलं का सकाळी एकदाच उचलली. म्हंजे रातच्यालेबी एकदा उचलली, अन् परत ठेवताना सरकली. साप टोपली उचलत नाई. महादेवरावबी नाई."

"पन दुसरं पीठ कायले टाकावं?" मधुकररावांनी विचारलं. "रेघ त बोटानंबी निघते."

"निघते. पन हात कापत असंन तर? टोपलीच्या काठानं पीठ खरडलं गेलं असंन. ते झाकाले वरून पीठ भुरभुरलं. म्हनून मधला थर जाड हाय. अन् मंग त्यावर करंगळीनं रेघ."

"मंग विमलच!" शोभाबाई पुढे आली. "मी म्हनतच होती. हिनंच..."

"हिनं सवतावर आळ घ्यायले रेघ काढली?"

शोभाबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं.

"तुमच्यावर माहा संशय होता, शोभाबाई," पंचफुला म्हणाली. "दोन खोल्याईसाठी. पन तुमचा जवारीचा डबा भरलेला हाय, झाकन उघडं राह्यते. तुमाले पीठ लागलं असतं तर त्याच डब्यातलं घेतलं असतं. मधुकररावानंबी त्याच डब्यातलं घेतलं असतं. विमलबाईनंबी. रातच्या अंधारात स्वैपाकघरातला भरलेला डबा सोडून कोन दुसरीकडे जाईन?"

गोठ्यातल्या गाईनं शेपटी हलवली.

"ज्याले काल धान्याले हात लावता येत नवता, तो जाईन."

तिनं रुमालातून शेवटची पट्टी काढली. जुनी. ती नळीखाली ठेवली, आणि मधुकररावांना खूण केली.

"हे त... हे त तेच लांबट दाने!" ते म्हणाले. "एकाले शिंग हाय. कायचं पीठ हे?"

पंचफुलाच्या तोंडून नाव लवकर निघेना.

"शिंगाड्याचं," रुख्माबाई तुळशीजवळून म्हणाली. "माह्या फळीवरचं. काल एकादशी होती. एकादशीले मी धान्याले शिवत नाई."

तिनं गडू तुळशीच्या कट्ट्यावर ठेवला.

"खोटं काम करतानाबी नाई शिवली," ती स्वतःशीच म्हणाल्यासारखी बोलली. "सत्तर वर्साची सवय. हातानं सवताच तो डबा उघडला."

"आत्या!" मधुकरराव उठून उभे राहिले. "तुनं विमलवर इखाचा..."

"इखाचं मी नाई म्हटलं! ते तुह्या बायकोनं काढलं. मले काय मालूम, दुधाच्या रीतीतून हे इख काढंन!"

"मंग रेघ कायले काढली?"

उत्तर पंचफुलानं दिलं. ते तिला खोलीत, मोटार येऊन गेल्यावर, कळलं होतं.

"रीत काय हाय? साप उमटला का शेवटचं ज्यानं खाऊ घातलं त्यानं सालभर त्या जागी दूध ठेवाचं. म्हंजे सालभर घर सोडाचं नाई. आत्याबाईले विमलबाईले बाहेर काढाचं नवतं." ती थांबली. "ठेवाचं होतं."

विमलाबाई रुख्माबाईकडे पाहत होती.

"आत्याबाई, एका शब्दानं म्हनाचं होतं ना मले. नको जाऊ म्हनून."

"तू राह्यली असती."

"हो. राह्यली असती."

"म्हनूनच नाई म्हटलं," रुख्माबाई म्हणाली. "माह्यासाठी राह्यली असती तर माह्या जिवाले लागलं असतं. म्हटलं, मेलेल्यानं थांबवलं त कोनाचा दोष नाई. तो त आता ऐकतबी नाई."

शोभाबाईनं सूप उचललं आणि ती आत गेली. आत भांडी जोरानं वाजली. मग वाजायची थांबली.

"मी ठान्यात जात नाई," मधुकरराव कुणाकडेही न पाहता म्हणाले. "तेरावं झालं का विमलले मीच मोटारीत बसवून देतो."

पंचफुलानं नळी खोक्यात ठेवली. झाकण लावताना तिनं हळूच विचारलं, कारण हा एकच प्रश्न उरला होता.

"तुमी मले काऊन बलावलं, आत्याबाई? वाटी पाह्यल्यावर मी पीठ मागीन, हे तुमाले समजत होतं."

"तूच म्हटलं होतं ना, इथं कोनतंच पीठ दुसऱ्यासारखं दिसत नाई." रुख्माबाईनं पदर डोक्यावर ओढला. "सकाळपासून सांगाले जाऊन राह्यली होती. तोंडातून निघतच नवतं. म्हटलं, नळीले सांगू दे."

त्यानंतरच्या पट्ट्या

विमलाबाई वर्ध्याला गेली. मोटार सुटेपर्यंत मधुकरराव तिची ट्रंक धरून उभे होते. पंचफुलानं ते आपल्या खिडकीतून पाहिलं. रुख्माबाई आली नव्हती.

ती पंचफुलाकडेही आली नाही.

पंचफुलानं कांद्याचा पापुद्रा पाहिला. माशीचा पंख पाहिला. खडूची धूळ पाहिली. पाहून झाल्यावर "हे पाहा" म्हणायला ती मागे वळायची, आणि मग पट्टी पुसून ठेवायची. रिकाम्या पट्टीत पापणी दिसायची. ती आता तिला ओळखीची झाली होती.

शोभाबाई एकदा बाजारात भेटली. मान फिरवून पुढे गेली, मग दोन पावलं मागे आली. "आत्याबाई जेवत नाई नीट," ती म्हणाली, जणू पंचफुलाची तक्रार पंचफुलाकडेच करत होती. "देवघरातच निजते आता. विमलच्या खोलीत नाई जात."

पुढच्या एकादशीला शाळा सुटल्यावर पंचफुला घरी आली, तर दारात रुख्माबाई उभी होती. पदराच्या टोकाला गाठ. दोन्ही हात मोकळे.

ऊन खिडकीतून टेबलावर आलं होतं, जायच्या बेतात होतं.

"विमलचं पत्र आलं," रुख्माबाई म्हणाली. "मधुकरनं वाचून दाखवलं. तिथंबी अशीच नळी हाय म्हने. रगत पाहातेत त्यात."

"या ना आत."

रुख्माबाईनं या वेळी मागे रस्त्याकडे पाहिलं नाही. ती आत आली. गाठ सोडून तिनं चिमूटभर पीठ काचेवर टाकलं.

पंचफुलानं सवयीनं हात पुढे केला.

"गडू?"

"घरी राह्यला."

"मंग पानी?"

"तुह्या माठातलं टाक," रुख्माबाई म्हणाली आणि नळीकडे वाकली. "लवकर टाक, ऊन चाललं."

पंचफुलानं माठात बोट बुडवलं. थेंब जरा मोठाच पडला.